ऑनलाइन मेडिकल मेळावा : बूथवर काय विचारायचे, द्वारकेत काय तपासायचे

दिल्लीच्या द्वारका उपनगरात, सेक्टर ८ मधल्या पॉकेट १४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे, म्हणजे सगळे ज्याला एनएमसी म्हणतात त्याचे कार्यालय आहे. शेजारच्या सेक्टर ९ मध्ये नॅशनल बोर्ड ऑफ एक्झामिनेशन्सचे कार्यालय आहे. पहिली संस्था देशातल्या मेडिकल कॉलेजांना परवानगी देते आणि परदेशातली पदवी इथे कोणत्या अटींवर चालेल ते ठरवते. दुसरी संस्था परदेशातून शिकून आलेल्यांची एफएमजीई परीक्षा घेते. मूल लातूरला शिको, बेळगावला शिको किंवा जॉर्जियात, त्याच्या डॉक्टरकीच्या वाटेवर द्वारकेचा पत्ता कुठे ना कुठे लागतोच.

मे महिन्यात नीट होते, जूनमध्ये निकाल येतो आणि ऑनलाइन मेडिकल मेळाव्यांचा हंगाम सुरू होतो. द्वारकेतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत आणि नांदेडच्या क्लासच्या गटांत एकाच दिवशी एकच लिंक फिरते. नाव नोंदवायचे, ठरलेल्या वेळी लॉग इन व्हायचे, पडद्यावर बूथ दिसतात. एकेका बूथवर एकेक कॉलेज किंवा विद्यापीठ, आत कोणीतरी बोलायला बसलेले, बाजूला चॅट. काही मेळावे विद्यापीठे एकत्र येऊन भरवतात, काही वर्तमानपत्रे, आणि बरेचसे प्रवेशाचे काम करणारे कन्सल्टंट.

अशा मेळाव्याला जरूर बसावे. कऱ्हाड, सावंगी, लोणी, मंगळूर, ताश्कंद असे सगळे एका दुपारी घरच्या टेबलावर भेटणे ही साधी सोय नाही. पूर्वी बापाला रजा टाकून, रात्रीची गाडी पकडून एकेक कॉलेज पालथे घालावे लागे. फक्त एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी: इथे आपण प्रवेश घ्यायला आलेलो नाही. आपण प्रश्न विचारायला, त्यांची उत्तरे लेखी मिळवायला आणि मग ती उत्तरे नियमांवर घासून पाहायला आलो आहोत. हे एवढे पक्के असेल तर मेळावा कामाचा ठरतो. नसेल तर संध्याकाळपर्यंत टोकन अमाउंट भरून झालेली असते.

आधी आपला दरवाजा कोणता ते ठरवा

भारतातल्या एकाही मेडिकल कॉलेजला मेळाव्याच्या बूथवर एमबीबीएसची जागा देता येत नाही. सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के अखिल भारतीय जागा आणि अभिमत विद्यापीठांच्या सर्व जागा केंद्राच्या मेडिकल कौन्सेलिंग कमिटीच्या, म्हणजे एमसीसीच्या कौन्सेलिंगमधून भरल्या जातात. महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजांच्या उरलेल्या ८५ टक्के आणि खासगी कॉलेजांच्या जागा राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राऊंडमधून भरतात. खासगी कॉलेजांचा १५ टक्के संस्थात्मक कोटाही याच यंत्रणेतून जातो. म्हणून ‘आमच्याकडे डायरेक्ट सीट आहे’ हे वाक्य ऐकले की त्या बूथमधून बाहेर पडावे. महाराष्ट्रात डोनेशन घेण्यावर १९८७ पासून कायद्याने बंदी आहे.

मग भारतीय कॉलेजांच्या बूथवर जायचे तरी कशाला? चॉइस फिलिंगसाठी. पसंतीक्रम भरताना बहुतेक घरांत गेल्या वर्षीचा कटऑफ सोडून हातात काही नसते. सातव्या क्रमांकावर कोणते कॉलेज टाकायचे आणि आठव्यावर कोणते, हे ठरवण्यापुरती माहिती मेळाव्यातून आणता आली तर दुपार सत्कारणी लागली.

दिल्लीत वाढणाऱ्या मराठी मुलांच्या घरी मात्र याच्याही आधीचा एक प्रश्न असतो, आणि तो अनेकदा उशिरा लक्षात येतो. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत बसायला डोमिसाइल लागते, आणि त्यासोबत दहावी व बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. आजोळ साताऱ्याला आहे, शिधापत्रिकेवर नाव आहे, दर गणपतीला गावी जातो, यातले काहीही तिथे चालत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या मौलाना आझाद, लेडी हार्डिंज आणि यूसीएमएस या कॉलेजांत ८५ टक्के जागा दिल्लीच्या शाळेतून अकरावी-बारावी केलेल्यांसाठी आहेत. मूल द्वारकेत राहते पण शाळा गुरुग्रामची, तर तोही दरवाजा बंद होऊ शकतो. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या, सैन्यातल्या आणि बदलीवरच्या पालकांसाठी काही अपवाद आहेत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मराठी गावांतल्या मुलांसाठी महाराष्ट्रात वेगळी तरतूद आहे. हे सगळे सीईटी सेलच्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असते आणि मेळाव्यातल्या कोणाच्याही शब्दापेक्षा तीच पुस्तिका खरी. अभिमत विद्यापीठांना डोमिसाइल लागत नाही, म्हणून दिल्लीतली अनेक मराठी घरे शेवटी पिंपरी, नवी मुंबई, कोल्हापूर किंवा सावंगीकडे वळतात. पण तिथे अनेक ठिकाणी वर्षाची फी वीस लाखांच्या घरात किंवा त्याहून वर आहे, आणि महाराष्ट्राने २०२४ साली मुलींसाठी जाहीर केलेली फीमाफी खासगी अभिमत विद्यापीठांना लागू नाही. आपण कोणत्या गटात मोडतो हे मेळाव्याच्या आठवडाभर आधी कागदावर लिहा. निम्मे बूथ त्यातच गळतील आणि उरलेल्यांना पुरेसा वेळ देता येईल.

नाव नोंदवताना

नोंदणीचा अर्ज भरला की तुमचा मोबाइल नंबर अनेकांच्या यादीत जातो. पुढचे दोन महिने फोन थांबत नाहीत. म्हणून या कामापुरता वेगळा ईमेल काढा आणि जमल्यास घरातला जास्तीचा सिम क्रमांक द्या. नीटचे गुण विचारतील, ते सांगायला हरकत नाही. अर्ज क्रमांक, पासवर्ड, ओटीपी आणि आधारची प्रत मात्र कोणालाही देऊ नका, समोरचा कितीही आपुलकीने बोलला तरी. हे तपशील हातात असतील तर दुसरा माणूस तुमच्या मुलाच्या नावाने पसंतीक्रम भरू शकतो किंवा बदलू शकतो. एकदा लॉक झालेला क्रम परत मिळत नाही.

बसताना दोन पडदे ठेवा. एकावर मेळावा, दुसऱ्यावर एनएमसीचे संकेतस्थळ उघडे. आयोगाच्या संकेतस्थळावर भारतातल्या कॉलेजांची यादी आणि मंजूर जागा पाहता येतात. बूथवरच्या माणसाने अडीचशे जागा सांगितल्या आणि यादीत दीडशे दिसल्या, तर तो फरक तिथल्या तिथे विचारता येतो. कदाचित जागा वाढवण्याचा अर्ज केलेला असेल आणि परवानगी अजून आलेली नसेल. न आलेल्या परवानगीवर मुलाचे वर्ष लावायचे नसते.

आणखी एक आग्रहाने सांगावेसे वाटते. माइक मुलाच्या हातात द्या. आपल्याकडे बाबा बोलतात, आई मागून आठवण करून देते आणि ज्याला साडेपाच वर्षे तिथे काढायची ते मूल कॅमेऱ्याच्या बाहेर बसलेले असते. पैशांचे प्रश्न पालकांनी विचारावेत. वसतिगृह, वर्ग, रुग्ण, परीक्षा याबद्दल मुलानेच विचारावे. सुरुवातीला अडखळेल, तिसऱ्या बूथपर्यंत सरावेल. वॉर्डात रुग्णाला प्रश्न विचारायचे काम पुढे त्यालाच करायचे आहे.

समोर कोण बसले आहे?

पहिला प्रश्न हाच असावा: तुम्ही कॉलेजच्या पगारावर आहात की कॉलेजसाठी प्रवेश आणून देता? विचारायला संकोच वाटतो, पण प्रामाणिक माणूस याचे सरळ उत्तर देतो. एजंट असणे हा गुन्हा नाही. एजंटाच्या उत्तराला मात्र कॉलेजची जबाबदारी चिकटत नाही, एवढे लक्षात ठेवावे. तो म्हणाला ‘मेसमध्ये भारतीय जेवण आहे’ आणि तिथे गेल्यावर नसले, तर तक्रार कोणाकडे करणार? कॉलेजचा माणूस असेल तर त्याचे नाव, पद आणि कॉलेजच्या डोमेनवरचा ईमेल मागा. नंतर कॉलेजच्या संकेतस्थळावरच्या क्रमांकावर स्वतः फोन करून अशी व्यक्ती तिथे काम करते का ते विचारा. पाच मिनिटांचे काम आहे.

महत्त्वाचे प्रश्न तोंडी न विचारता चॅटमध्ये टाइप करा. बोलताना माणूस सैल बोलतो, लिहिताना सावध होतो. ‘फी वाढत नाही’ असे तोंडाने सहज म्हणणारा लिहायची वेळ आली की ‘साधारणपणे वाढत नाही’ असे लिहितो. त्या ‘साधारणपणे’मध्ये तुमचे पुढच्या चार वर्षांचे अंदाजपत्रक असते. मेळावा संपला की बऱ्याच ठिकाणी चॅट नाहीसे होते, म्हणून बूथ सोडण्याआधी पडद्याचे फोटो काढून ठेवा. चॅटमध्ये उत्तर टाळले तर तोच प्रश्न त्याच रात्री ईमेलने पाठवा.

भारतीय कॉलेजला काय विचारायचे? इमारतीचा व्हिडिओ ते स्वतःहून दाखवतील. तुम्ही रुग्णालयाबद्दल विचारा. ओपीडीत रोज किती रुग्ण येतात, खाटा किती आणि त्यातल्या भरलेल्या किती, महिन्याला प्रसूती किती होतात, तिसऱ्या वर्षाच्या मुलाला वॉर्डात प्रत्यक्ष केस घेता येते की दहा जण एका खाटेभोवती उभे राहतात. डॉक्टर रुग्णाजवळ घडतो. पंधरा मजली इमारत आणि रिकाम्या खाटा असलेल्या कॉलेजपेक्षा जुनी इमारत आणि तुडुंब ओपीडी असलेले कॉलेज मी केव्हाही वरच्या क्रमांकावर टाकेन. ट्रस्टच्या रुग्णालयात गरीब रुग्णावर फुकट किंवा स्वस्तात उपचार होतात का, हेही विचारा. जिथे उपचार महाग तिथे वॉर्ड भरत नाहीत, आणि वॉर्ड भरत नाहीत तिथे विद्यार्थी शिकत नाही.

मग इंटर्नशिपचा स्टायपेंड. तो नियमाने द्यायचा असतो, पण न मिळाल्याच्या किंवा हातावर थोडेसे टेकवल्याच्या तक्रारी देशभरातून आयोगाकडे गेल्या आहेत. गेल्या वर्षीच्या इंटर्नच्या खात्यात दरमहा किती जमा झाले, असा नेमका प्रश्न विचारा. ‘नियमाप्रमाणे देतो’ हे त्याचे उत्तर होत नाही.

फीबद्दल तीन गोष्टी लेखी घ्या. वार्षिक फी साडेचार वर्षांची आकारतात की पाच वर्षांची? दरवर्षी वाढते का, आणि किती टक्क्यांनी? वसतिगृह, मेस, विद्यापीठ शुल्क, परत मिळणारी अनामत हे सगळे धरून पहिल्या वर्षी हातातून एकूण किती जाणार? महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि तो आकडा जाहीर असतो, तेव्हा बूथवर सांगितलेला आकडा त्याच्याशी पडताळून पाहा. अभिमत विद्यापीठे या प्राधिकरणाखाली येत नाहीत. एमसीसीकडे अभिमत जागांसाठी नोंदणी करताना दोन लाखांची परत मिळणारी अनामत भरावी लागते आणि पहिल्या फेरीनंतर मिळालेली जागा सोडली तर ती जप्त होते. हा नियम आधी वाचून मगच पसंतीक्रम भरा. सरकारी कॉलेजचा विचार असेल तर महाराष्ट्रातल्या एक वर्षाच्या बंधपत्रित सेवेची आणि ती न केल्यास भरायच्या दहा लाखांची माहितीही घरात सगळ्यांना असू द्या.

एका प्रश्नाकडे फार कोणी लक्ष देत नाही: रुग्ण कोणती भाषा बोलतात? द्वारकेत वाढलेले मूल हिंदी-इंग्रजीत तरबेज असते, मराठी घरापुरती. सावंगीला किंवा लोणीला गेले की समोरची आजी ‘उजव्या कुशीत कळ मारतेय’ म्हणते आणि तिथे शब्द कळावा लागतो. बेळगावला मराठीसोबत कन्नड लागते, मंगळूरला तुळू. घरी आजपासून मराठी वाढवा, तो अभ्यासाचाच भाग आहे.

जाता जाता, आयोगाला २०२३ साली वर्ल्ड फेडरेशन फॉर मेडिकल एज्युकेशनची दहा वर्षांची मान्यता मिळाली. तिचा फायदा देशातल्या सगळ्या मान्य कॉलेजांना आहे. एखाद्या बूथवर ती आपली खासियत म्हणून सांगितली तर त्या कॉलेजला त्याचे वेगळे गुण देऊ नका.

परदेशाच्या बूथवर

इथे जरा थांबून बोलायला हवे, कारण सर्वात जास्त पैसे आणि सर्वात जास्त वर्षे इथेच बुडतात.

‘एनएमसी अप्रूव्ह्ड’ ही पाटी परदेशी विद्यापीठांच्या जवळपास प्रत्येक बूथवर असते. द्वारकेच्या कार्यालयात परदेशी कॉलेजांची अशी कोणतीही मंजूर यादी नाही. आयोग परदेशातल्या कॉलेजला मान्यता देत नाही, तो अटी घालून देतो. त्या अटी पुऱ्या झाल्या की नाहीत हे पदवी घेऊन परत आल्यावर पाहिले जाते, आणि तोपर्यंतची सगळी जबाबदारी विद्यार्थ्याची. ‘डब्ल्यूएचओ रेकग्नाइज्ड’चेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना मेडिकल कॉलेजांना मान्यता देतच नाही. जगभरच्या मेडिकल कॉलेजांच्या सूचीत नाव असणे म्हणजे ते कॉलेज अस्तित्वात आहे एवढेच, ते चांगले आहे असे नव्हे. आयोगाने २०२५ साली बेलीझ आणि उझबेकिस्तानमधल्या काही संस्थांची नावे घेऊन विद्यार्थ्यांना सावध केले होते. मेळाव्याच्या आदल्या दिवशी आयोगाच्या संकेतस्थळावरच्या सूचना चाळून घ्याव्यात त्या यासाठी.

अटी १८ नोव्हेंबर २०२१ च्या राजपत्रातल्या नियमांत आहेत. त्या दिवसानंतर परदेशात प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला त्या लागू आहेत आणि बूथवर विचारायचे प्रश्न त्यांतूनच निघतात.

अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा असला पाहिजे. म्हणून विचारा: निव्वळ वैद्यकीय शिक्षण किती महिन्यांचे? भाषेचे वर्ष, पूर्वतयारीचे वर्ष, बीएसचे वर्ष धरून सहा वर्षे सांगत असतील तर ते वजा करून किती उरतात? फिलिपिन्समधला चार वर्षांचा एमडी अभ्यासक्रम याच हिशोबात अडला, आणि आधीची पदवीची वर्षे त्यात धरता येतील असे सांगून पाठवलेल्या मुलांची पंचाईत झाली. या ५४ महिन्यांखेरीज १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत व्हावी लागते. ‘इंटर्नशिप भारतात येऊन करा’ असे कोणी सुचवले तर ते नियमाच्या बाहेरचे आहे. भारतात परतल्यावर आणखी १२ महिन्यांची वेगळी इंटर्नशिप असते. तिच्यासाठी कॉलेजांत मंजूर जागांच्या साडेसात टक्के एवढीच सोय असल्याने अनेकांना वाट पाहावी लागते.

शिक्षण इंग्रजी माध्यमातून असावे. यावर उपप्रश्न विचारायचा: वर्गातले सोडा, तिसऱ्या वर्षापासून वॉर्डात रुग्णांशी कोणत्या भाषेत बोलतात, आणि ती भाषा तुम्ही केव्हापासून शिकवता? रशियात रुग्ण रशियन बोलतो, जॉर्जियात जॉर्जियन. भाषा न येणारा विद्यार्थी वॉर्डाच्या दारात उभा राहून सहा वर्षे काढतो आणि एफएमजीईच्या पेपरात ते बाहेर येते.

सगळे शिक्षण एकाच संस्थेत व्हावे. दोन वर्षे एका देशात, उरलेली दुसऱ्या देशात, असे ‘ट्विनिंग’ चालत नाही. शाखा, भाड्याचे रुग्णालय, ऑनलाइन वर्ग या प्रत्येकाबद्दल थेट विचारा.

आणि सर्वात जड अट: ही पदवी घेतल्यावर त्या देशात तिथल्या नागरिकाप्रमाणेच व्यवसायाचा परवाना मिळण्याची पात्रता यायला हवी. बूथवरचा माणूस ‘हो, मिळतो’ म्हणेल. तुम्ही विचारा, तुमच्या विद्यापीठातून शिकलेल्या किती भारतीयांनी तो परवाना घेतला, परवान्याची परीक्षा कोणत्या भाषेत असते, तो देणाऱ्या संस्थेचे नाव काय? मग त्या संस्थेलाच ईमेल करा.

नीट पात्र असल्याशिवाय यातले काहीच सुरू होत नाही. खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल, राखीव गटांना ४०, आणि परदेशासाठी तो निकाल तीन वर्षे चालतो. ‘नीट नसली तरी चालेल’ म्हणणारा माणूस तुमच्या मुलाला अशा पदवीकडे पाठवतो आहे जिच्यावर भारतात डॉक्टर होता येणार नाही.

एफएमजीईची परीक्षा ३०० गुणांची असते आणि उत्तीर्ण व्हायला १५० लागतात. निगेटिव्ह मार्किंग नाही. तरीही डिसेंबर २०२३ आणि जून २०२४ या दोन्ही वेळी पाचांतला साधारण एकच उत्तीर्ण झाला. बूथवर ‘आमचा निकाल ऐंशी टक्के’ असे सांगतील. तेव्हा विचारा, कशाचे ऐंशी टक्के? सहा वर्षांपूर्वी तुमच्याकडे भारतातून किती मुले आली, त्यातली किती पदवीपर्यंत पोचली, किती परीक्षेला बसली, किती पहिल्या प्रयत्नात पास झाली? हे चार आकडे एका ओळीत लिहून मागा. परीक्षा घेणाऱ्या नॅशनल बोर्डाने देशवार आणि संस्थावार निकालांची कोष्टकेही वेळोवेळी प्रसिद्ध केली आहेत. त्यात त्या विद्यापीठाचे नाव शोधा. ज्यांनी कोष्टक पाहून निर्णय घेतला त्यांना निदान आपण कशात उडी घेतोय ते ठाऊक असते.

युक्रेनही आठवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटले आणि हजारो भारतीय विद्यार्थ्यांना, त्यात महाराष्ट्रातली कितीतरी मुले, ऑपरेशन गंगामधून परत आणावे लागले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयोगाने दुसऱ्या देशांतल्या विद्यापीठांत शिकण्याच्या सवलतीला हरकत नसल्याचे कळवले, तेव्हा काहींना वाट मिळाली. वर्षे मात्र गेली. म्हणून युद्ध, साथ किंवा सीमाबंदी झाली तर फीचे काय, परीक्षांचे काय, याबाबतचे विद्यापीठाचे लेखी धोरण मागा. धोरण नसेल तर तसेच टिपून ठेवा.

शिकत असलेला एक विद्यार्थी शोधा

मेळाव्यात ‘आमचा विद्यार्थी प्रतिनिधी’ भेटतो. चांगला असतो, पण त्याला बसवलेले असते. तुम्ही तुमचा शोधा. गावातला, क्लासमधला, नात्यातला, महाराष्ट्र मंडळातला कोणी तिथे शिकत असेल. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या त्याआधी काही वर्षे त्यांचा न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंशी पत्रव्यवहार चालू होता. कार्पेंटरबाई कोणत्याही कॉलेजच्या नोकर नव्हत्या, आनंदीबाईंच्या प्रवेशातून त्यांना काही मिळणार नव्हते. असे एक माणूस पलीकडे असणे फार मोलाचे असते. त्या विद्यार्थ्याला रात्री निवांत फोन करा आणि विचारा: पहिल्या वर्षात किती जण नापास झाले, आजारी पडलास तेव्हा कोण आले, पुन्हा संधी मिळाली तर हेच कॉलेज घेशील का? शेवटच्या प्रश्नानंतर जरा गप्प बसा, त्याला बोलू द्या.

अमेरिकेत वाढणाऱ्या मराठी मुलांसाठीही असा ऑनलाइन मेळावा आहे. तिथल्या मेडिकल कॉलेजांची संघटना, एएएमसी, विनामूल्य ऑनलाइन मेळावा भरवते आणि त्यात थेट कॉलेजांच्या प्रवेश कार्यालयांतले लोक बसतात. तिथे एजंटांची भीती नाही, म्हणून प्रश्न वेगळे. आपल्या डोमिसाइलसारखीच तिथे राज्याची रहिवासी अट मोठी असते आणि अनेक सरकारी कॉलेजे आपल्या राज्यातल्या मुलांना झुकते माप देतात. नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्या, आईवडिलांच्या व्हिसावर वाढलेल्या मुलाने पहिल्याच मिनिटाला विचारावे: माझ्यासारख्याचा अर्ज तुम्ही घेता का? बरीच कॉलेजे घेत नाहीत, आणि ते तिथल्या प्रवेशपरीक्षेच्या, एमकॅटच्या तयारीआधी कळलेले बरे.

मेळावा संपल्यावर

त्याच संध्याकाळी, लक्षात आहे तोवर, प्रत्येक बूथचे एक पान लिहा. काय सांगितले, कोणी सांगितले, लेखी काय मिळाले, कोणते उत्तर टाळले. टाळलेल्या उत्तरांची यादीच नंतर सर्वात कामाला येते. मग ती पाने आयोगाचे नियम, सीईटी सेलची पुस्तिका आणि एमसीसीच्या सूचना यांच्याशी ताडून पाहा. न जुळणारे कॉलेज यादीतून काढा, कितीही आवडले असले तरी.

त्या दिवशी पैसे भरू नका. ‘आज रात्री बारापर्यंतच सवलत’, ‘दोनच सीट उरल्यात’ असे फोन येतील. भारतातली जागा कौन्सेलिंगशिवाय मिळत नाही, आणि परदेशातले जे विद्यापीठ आठ दिवस थांबत नाही ते सहा वर्षे तुमच्या मुलाकडे काय लक्ष देणार? पैसे भरायची वेळ आली की विद्यापीठाच्याच नावाच्या खात्यात भरा, पावती घ्या. कन्सल्टंटच्या खात्यात किंवा रोख एक रुपयाही नको.

एक विनंती शिकत असलेल्या मुलामुलींना आहे. तुम्ही आज सेवाग्रामला, बांबोळीला, कऱ्हाडला, बिश्केकला किंवा बॉल्टिमोरला शिकत असाल, तर जून-जुलैत एखादा अनोळखी मराठी नंबर तुम्हाला फोन करेल. समोर एखादी आई असेल, प्रश्न जरा भाबडे असतील. अर्धा तास द्या आणि कॉलेज जसे आहे तसे सांगा.